कावळ्याच्या बाजूने

मराठीत कोकिळेची बाजू घेणं सोपं आहे. तिच्या वाट्याला वसंत, आंब्याचा मोहोर आणि पंचम. कावळ्याच्या वाट्याला पावसात वाहून जाणारं शेणाचं घर आणि पितृपक्षातला घास. कोकिळा दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालते हे आपण शाळेतच शिकतो, पण त्यावरून तिच्यावर कुणी डूख धरत नाही. हसं होतं ते कावळ्याचं, परक्या पिलाला भरवत बसणाऱ्याचं. (गातो तो नर आणि अंडं घालते ती मादी, हा तपशीलही आपण सोयीने विसरतो.)

हॅकरांविषयीचं बरंचसं लेखन याच चालीवर चालत आलं आहे. स्टीव्हन लेव्हीचं 'हॅकर्स' १९८४चं. त्यात यंत्राच्या पोटात शिरू पाहणाऱ्या तरुणांचं मनापासून कौतुक आहे. १९८६च्या जानेवारीत 'द मेंटॉर' या टोपणनावाने लिहिलेला हॅकरचा जाहीरनामा आला आणि कुतूहल हाच ज्याचा गुन्हा, अशा पोराची प्रतिमा पक्की झाली. पुढे चित्रपटांनी तिला काळा कोट चढवला. घुसणाऱ्याला चेहरा मिळाला, शैली मिळाली, दुःखही मिळालं. ज्याच्या घरट्यात तो घुसला त्याला काय मिळालं? फार तर एक निर्बुद्ध अधिकारी, नाहीतर लाल अक्षरांत चमकणारा पडदा.

म्हणून क्लिफर्ड स्टोलचं 'द कुकूज एग' हे १९८९चं पुस्तक मला आजही वेगळं वाटतं. त्यातलं तंत्रज्ञान केव्हाच भंगारात गेलं. त्यातली मोडेमं आणि कागदावर खडखडणारे प्रिंटर आज बघायचे तर संग्रहालयातच जावं लागेल. तरी पुस्तक जुनं होत नाही, कारण ते कावळ्याने लिहिलेलं आहे. युरोपातली कुकू अंडं घालते ती लहान पाखरांच्या घरट्यात, कावळ्याच्या नव्हे. पण आपल्याला गोष्ट कळायला तेवढा फरक आड येत नाही.

शीर्षक नुसतं अलंकारिकही नाही. घुसखोराने खरोखरच अंडं घातलं होतं. संगणकाची यंत्रणा दर पाच मिनिटांनी एक छोटा प्रोग्रॅम स्वतःच्या पूर्ण अधिकारात चालवत असे. एका टपाल-सुविधेतली फट वापरून त्याने तो प्रोग्रॅम हलवला आणि त्याच्या जागी, त्याच नावाने, स्वतःचा ठेवला. यंत्रणेने आपलंच समजून तो उबवला, आणि घुसखोर मालक झाला.

गोष्ट सुरू होते पंचाहत्तर सेंटांपासून. स्टोल मुळात खगोलशास्त्रज्ञ. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत तो केक दुर्बिणीच्या रचनेवर काम करत होता. अनुदान संपलं तेव्हा नोकरी जाण्याऐवजी त्याची बदली तळघरातल्या संगणक विभागात झाली. ऑगस्ट १९८६. नव्या माणसाला करायला द्यायचं म्हणून एक किरकोळ काम त्याच्याकडे आलं: संगणकाच्या वेळेचा हिशेब पंचाहत्तर सेंटांनी जुळत नव्हता. कुणीतरी नऊ सेकंद यंत्र वापरलं होतं आणि त्याचे पैसे कुणाच्याच नावावर पडत नव्हते. कुठलाही शहाणा कारकून पदरचे पैसे घालून मोकळा झाला असता. स्टोल शोधत बसला. दहा महिने.

पुस्तकाचा खरा विषय हे दहा महिने आहेत. शेवटी हानोफरमधला मार्कुस हेस सापडतो आणि त्याचा माल सोव्हिएत गुप्तहेर खात्याकडे जात होता हे कळतं, ते सगळं आज ज्ञानकोशातही वाचायला मिळेल. ज्ञानकोशात मिळत नाही ती वाट बघण्याची बारीकसारीक कारागिरी. एका सुट्टीच्या शनिवार-रविवारी स्टोल रजेवर गेलेल्या सहकाऱ्यांच्या टेबलांवरून प्रिंटर आणि टर्मिनलं उचलून आणतो, बाहेरून येणाऱ्या पन्नास ओळींना एकेक जोडतो आणि त्या खडखडाटात टेबलाखाली झोपतो. सकाळी त्यांतल्या एका प्रिंटरवर लांबलचक कागद पडलेला असतो: पाहुण्याने दाबलेली प्रत्येक कळ त्यावर उमटलेली. पुढे तो एक वही ठेवतो. कोण केव्हा आलं, किती वेळ होतं, काय टंकलं, सगळं त्यात. आकाश बघणाऱ्याची ही सवय आहे. तारा उगवला की नोंद, ढग आले तरी नोंद. लुइस अल्वारेझ हा नोबेल मिळालेला भौतिकशास्त्रज्ञ एका प्रसंगी त्याला हेच सुचवतो, की याला पोलिसी काम समजू नकोस, संशोधन समज. पुस्तकाची चाल त्या सल्ल्यातून आली आहे. संशय, कयास, पडताळा, पुन्हा संशय. रहस्यकथा वाचतोय असं वाटतं खरं, पण ओढून नेतो तो शिस्तीचा आनंद.

भाषेत रस असलेल्या वाचकाने यातलं एक प्रकरण चुकवू नये. पाहुणा चालू कामांची यादी मागवताना आज्ञेला एक जादा अक्षर जोडतो. बर्कलीत घडलेल्या युनिक्समध्ये त्या अक्षराला काही अर्थ नाही. पूर्वेकडच्या जुन्या युनिक्समध्ये आहे. स्टोलचा सहकारी डेव्ह क्लीव्हलंड ते अक्षर बघतो आणि सांगतो, हा आपल्या गावचा नाही. एका शब्दावरून माणूस वऱ्हाडातला की कोकणातला हे ओळखावं, तसं. यंत्राशी बोलतानाही माणसाला हेल असतो, आणि तो लपवायचं त्याच्या ध्यानात राहत नाही. पुढच्या तीस वर्षांत या विषयावर लिहिलेल्या कित्येक जाड पुस्तकांत मला इतकं साधं, इतकं पटणारं निरीक्षण भेटलेलं नाही.

आणि किल्ल्यांचा जुडगा. एकदा पाहुणा एक संवेदनशील फाइल उतरवून घेऊ लागतो. जोडणी तोडावी तर पाळत आहे हे त्याला कळेल आणि महिन्यांची मेहनत वाया जाईल. चालू द्यावी तर फाइल जाते. स्टोल खिशातून किल्ल्या काढतो आणि तारेच्या जोडणीवर खुळखुळवतो. ओळीत खरखर होते, मजकूर विस्कटतो, पाहुण्याला वाटतं फोन खराब आहे. तो पुन्हा मागतो, हा पुन्हा खुळखुळवतो. मला वाटतं, संगणक-सुरक्षेच्या कामाचं याहून खरं चित्र नाही. पहारेकऱ्याच्या हातात घराच्याच किल्ल्या आहेत, आणि दार बंद करण्याऐवजी तो त्या नुसत्या वाजवतोय, कारण चोर पळून जायला नको आहे.

पुस्तकातला विनोद बऱ्याचदा कार्यालयांच्या जिवावर चालतो, आणि भारतीय वाचकाला तो परका वाटणार नाही. स्टोल एफबीआयला फोन करतो. किती रकमेचं नुकसान? पंचाहत्तर सेंट. पलीकडून शांतता. मग सीआयए, मग एनएसए, मग हवाई दलाचं तपास खातं. प्रत्येकाला माहिती हवी आहे, जबाबदारी कुणालाच नको. 'हे आमच्या अखत्यारीत येत नाही' या वाक्याची इंग्रजीत इतकी रूपं असतील असं वाटलं नव्हतं. पुस्तकाचा मधला भाग त्यामुळे रेंगाळतो, तेच फोन, तेच नकार. स्टोलला शब्दांच्या कोट्या करायची हौसही जरा जास्तच आहे. पण रेंगाळणं काढून टाकलं असतं तर पुस्तक खोटं झालं असतं. हे कामच असं आहे: नव्वद दिवस काहीच नाही, आणि एका रात्री सगळं.

याच फोनांमधून एक दुसरी गोष्ट हळूहळू वर येते, आणि मला ती हेरगिरीपेक्षा मोलाची वाटते. स्टोल बर्कलीचा. लांब केस, सायकल, सरकारविषयी अविश्वास, व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात वाढलेली मित्रमंडळी. त्या वर्तुळात सीआयएला फोन करणं म्हणजे शत्रूला जाऊन मिळणं. मित्र त्याला टोमणे मारतात, आणि तो स्वतःही स्वतःला विचारत राहतो की मी कुणाच्या बाजूने उभा आहे. उत्तर त्याला विचारधारेत सापडत नाही. ते सापडतं कामात. संगणकांचं जाळं कुलपांवर उभं नाही, अनोळखी माणसांनी एकमेकांवर टाकलेल्या भरवशावर उभं आहे, आणि घुसखोर तोच भरवसा खातो आहे, हे त्याला दर रात्री दिसतं. डावीकडून उजवीकडे गेलेल्या माणसाची ही कबुली नाही. सार्वजनिक विहिरीत कुणी घाण टाकू लागलं तर गावातल्या माणसाची जी चिडचिड होईल, तशी ही चिडचिड आहे.

तरी पाळतीचा एक प्रश्न तो मला हवा होता त्यापेक्षा लवकर मागे टाकतो. पन्नास ओळींवरचा मजकूर छापायचा म्हणजे एकोणपन्नास निरपराध लोकांचंही लिखाण कागदावर आणायचं. राखण आणि टेहळणी यांच्यामधली भिंत किती पातळ आहे हे या पुस्तकातल्याइतकं स्पष्ट क्वचितच दिसत असेल, आणि त्याचा लेखकच तिकडे नीट वळून बघत नाही.

घराचंही तसंच. मार्था ही त्याची जोडीदार, कायद्याची विद्यार्थिनी. स्टोलच्या कमरेला पेजर आहे, त्याचा दुसरा सिरा प्रयोगशाळेतल्या संगणकाला बांधलेला. जेवताना, झोपेत, अंघोळीत तो वाजतो आणि हा सायकलवर टांग मारून टेकडी चढू लागतो. घुसखोराला ओळ शोधेपर्यंत खिळवून ठेवायचं तर त्याच्यासमोर खोट्या सरकारी फायलींचा ढीग टाकावा, ही कल्पना मार्थाची. अंतराळ-संरक्षण योजनेच्या नावाने एक खोटा विभाग उभा राहतो, त्याला बार्बरा शेरविन नावाची खोटी सेक्रेटरी मिळते आणि पाहुणा तासन् तास ते कागद चाळत बसतो. पाठलागाला निर्णायक वळण देणारी युक्ती ही. पुस्तकात ती अंघोळीच्या वेळच्या गमतीसारखी येते. मार्था गोड आहे, हसरी आहे, तळटिपेत चॉकलेट घातलेल्या कुकीची पाककृतीसुद्धा आहे. पण दहा महिने एका पेजरसोबत संसार करणाऱ्या बाईला काय वाटलं असेल हे विनोदाच्या साईखाली राहून जातं. रात्रपाळी करणाऱ्यांच्या घरच्यांना ती साय ओळखीची असेल.

आता पुस्तकाची सगळ्यात मोठी उणीव. पाहुणा शेवटपर्यंत कागदावरची अक्षरंच राहतो. चिकाटीचा, पद्धतशीर, वहीत नोंद ठेवत असावा असा. 'न्यूक्लिअर' सारखे शब्द शोधणारा. स्टोल त्याच्या बोटांची लय ओळखतो, पण माणूस त्याला भेटत नाही. जर्मनीत जाऊन साक्ष दिली तरी नाही. हा दोष म्हणावा की प्रामाणिकपणा? कावळ्याला कोकिळा दिसलीच नसेल तर त्याने तिचं चित्र काढू नये, हे खरं. पण मग ते चित्र दुसरीकडे शोधावं लागतं.

ते सापडतं हान्स-ख्रिश्चन श्मिड या दिग्दर्शकाच्या '२३' या १९९८च्या जर्मन चित्रपटात. बर्कलीत शिरणारा हेस. चित्रपटाचा नायक त्याच गटातला कार्ल कोख. ऑगस्ट डीलने ती भूमिका केली आणि तिच्यासाठी त्याला जर्मन चित्रपट पुरस्कार मिळाला. कोख हानोफरचा मुलगा. आईवडील लवकर गेले, हातात वारशाचे पैसे आले. त्याला वेड एका कटकथेच्या कादंबरी-त्रयीचं. तिच्यातल्या हागबार्ड या पात्राचं नाव त्याने स्वतःला घेतलं आणि तेवीस या आकड्यात त्याला जगाचं गुपित दिसू लागलं. घरी मित्रांचा राबता, मग संगणक, मग कोकेन, मग कोकेनसाठी पैसे, मग पूर्व बर्लिन. १९८८मध्ये तो तपासयंत्रणेपुढे स्वतःहून कबुली द्यायला गेला. १९८९च्या मे महिन्यात तो बेपत्ता झाला, आणि पुढे जंगलात जळालेला देह सापडला. वय तेवीस. आत्महत्या अशी अधिकृत नोंद आहे. शंका घेणारे आजही शंका घेतात. बाकीच्यांवर पुढे खटला चालला आणि शिक्षा झाल्या त्या स्थगित.

श्मिडचं मोठेपण असं की तो कोखच्या भ्रमाला हसत नाही आणि त्याचं तत्त्वज्ञानही करत नाही. शीतयुद्धातल्या जर्मनीत, अणुभट्ट्यांच्या आणि क्षेपणास्त्रांच्या सावलीत वाढलेल्या पोराला कट दिसणं हा नुसता आजार नव्हता, ती हवाही होती. डीलचे डोळे चित्रपटभर थोडे थोडे खोल जात राहतात. पण इथे घरटंच नाही. ज्या यंत्रांत ही मुलं शिरतात त्यांच्या पलीकडे कुणी झोपमोड झालेला माणूस आहे, याचा मागमूस पडद्यावर नाही. यंत्र म्हणजे फक्त उघडणारं दार. स्टोलला घुसखोर दिसत नाही, श्मिडला जागल्या दिसत नाही. एकाच तारेची दोन टोकं, आणि दोन्हीकडून पलीकडे अंधार.

केटी हाफनर आणि जॉन मार्कॉफ यांचं 'सायबरपंक' हे १९९१चं पुस्तक या टोळीच्या घरापर्यंत गेलं होतं. चांगली पत्रकारिता, भरपूर पायपीट, पण आवाज बातमीदाराचा. रात्रीच्या आत शिरायचं काम तिचं नव्हतं.

दोन्ही टोकं एकाच देहात भेटली ती पुढे, मार्कस हचिन्सच्या रूपाने. १२ मे २०१७. 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरत होता, ब्रिटनमध्ये रुग्णालयं ठप्प होत होती. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावात आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या बावीस वर्षांच्या हचिन्सने त्या प्रोग्रॅमच्या पोटात एक विचित्र पत्ता पाहिला आणि दहा-अकरा डॉलर भरून तो स्वतःच्या नावावर नोंदवला. लागण थांबली. त्या पत्त्याला उत्तर मिळालं की थांबायचं, अशी अट प्रोग्रॅममध्येच होती. मग कित्येक दिवस तो पत्ता जिवंत ठेवायची राखण, कारण दुसरेच कुणी तो पाडायला बघत होते. त्यात दारात पत्रकार. तीन महिन्यांनी लास व्हेगासमध्ये अमेरिकी पोलिसांनी त्याला पकडलं: काही वर्षांपूर्वी, कोवळ्या वयात, बँक-खाती लुबाडणारा एक प्रोग्रॅम त्याने लिहायला घेतला होता. २०१९मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी आणखी तुरुंगवास दिला नाही.

अँडी ग्रीनबर्गने 'वायर्ड' मासिकात २०२०मध्ये हचिन्सवर जो दीर्घ लेख लिहिला तो मी या परंपरेतला सर्वांत प्रौढ मजकूर मानतो. ग्रीनबर्ग गुन्हा लपवत नाही आणि पराक्रम फुगवत नाही. सगळ्यात चांगलं त्याने काय केलं असेल तर झोपेचा हिशेब ठेवला. आधी चोरीच्या धंद्यात अडकलेल्या पोराची झोप उडालेली आहे, मग राखणदाराची. कारणं उलटी, खोली तीच, पडदा तोच, डोळे तेच. कोकिळा आणि कावळा या दोन जाती नाहीत, एकाच माणसाच्या दोन पाळ्या असू शकतात, हे तो एकदाही न सांगता दाखवतो. स्टोलला जे दिसलं नाही आणि श्मिडने जे दाखवलं नाही ते इथे समोरासमोर येतं. फक्त हचिन्स अपवाद आहे, आणि त्याची गोष्ट अपवादाच्याच तेजाने उजळलेली आहे. ज्याने जग वाचवलं नाही, नुसती पाळी केली, त्याचं काय?

त्याचं आपल्याकडे फारसं काही नाही. पुणे, बंगळुरू, हैदराबाद, नोएडा इथल्या काचेच्या इमारतींत दुसऱ्या खंडातल्या बँकांची आणि कारखान्यांची यंत्रं राखत हजारो तरुण रात्री जागतात. समोर इशाऱ्यांची न संपणारी रांग. बहुतेक इशारे खोटे, पण कुठला खोटा हे आधी कळत नाही. चूक झाली तर नाव पुढे येतं; काहीच घडलं नाही तर तेच यश, आणि न घडलेल्याची गोष्ट कशी सांगणार? शिवाय तोंड बंद ठेवायच्या करारावर पहिल्याच दिवशी सही झालेली असते. स्टोलने आपली वही छापली कारण त्याचा मालक प्रयोगशाळा होती आणि त्याचा धर्म प्रसिद्ध करणं हा होता. आज ती वही कंपनीची.

आपल्या पडद्यानेही वाट धरली ती कोकिळेचीच. 'जामतारा' ही २०२०ची मालिका फोनवरून फसवणाऱ्या पोरांची आहे. झारखंडच्या त्या बेकार दुपारी तिने छान पकडल्या, यात वाद नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८मध्ये हल्ला झाला, तेव्हा सुमारे चौऱ्याण्णव कोटी रुपये गेले, नकली कार्डांनी अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. आकडे पाठ झाले, पैसे काढणाऱ्या प्याद्यांवर खटला चालला, उत्तर कोरियाच्या हॅकरांवर जगभर लिहून झालं. पहिला फटका बसला तो शनिवार होता. त्या शनिवारी आणि पुढच्या आठवड्यात बँकेच्या संगणक विभागात जे बसले होते, ज्यांनी घरी फोन करून यायला उशीर होईल म्हणून सांगितलं असेल, त्यांच्यावर मराठीत एक कथा यायला हवी होती. विषय हिंजवडीइतका जवळचा आहे, आणि नोकरीवरच्या कथेची आपल्याकडे कमतरताही नाही. बँकेतला कारकून आला, गिरणीतला कामगार आला. रात्री अडीच वाजता खोटा इशारा तपासून बंद करणारी मुलगी अजून यायची आहे.

तोवर ज्यांना हे वाचायचं-बघायचं असेल त्यांनी क्रम उलटा ठेवावा. आधी '२३', मग 'द कुकूज एग'. चित्रपट डोळ्यांत ताजा असताना बर्कलीच्या तळघरातल्या कागदावर उमटणारी ओळ वाचली की तिच्या मागे हानोफरमधली एक धुरकट खोली दिसते, टेबलावरची राखदाणी, पहाटेचा उजेड. स्टोल किल्ल्या खुळखुळवतो. तिकडे कुणीतरी शिवी हासडतो आणि तीच आज्ञा पुन्हा टंकू लागतो.